साइट देवगडात झटकन उघडते, न्यू जर्सीत का रखडते?

प्रश्न : आमची देवगडजवळ हापूसची बाग आहे. गेल्या काही हंगामांपासून आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून पेट्या विकतो. बरेच ग्राहक अमेरिकेतले मराठी लोक आहेत. ते तिकडून पैसे भरतात आणि पेटी पुण्या-मुंबईत त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाते. साइटचा सर्व्हर मुंबईत आहे. आमच्याकडे ती झटकन उघडते, पण न्यू जर्सीतल्या ग्राहकांची तक्रार आहे की फोटो लवकर येतच नाहीत. काहीजण कंटाळून बंद करतात. साइट करून देणारा मुलगा म्हणतो, "कॅशिंग नीट लावा आणि सीडीएन घ्या." होस्टिंगवाले म्हणतात, "मोठा सर्व्हर घ्या." कोणाचं ऐकायचं? आणि हे सगळं मुळात आहे तरी काय?

उत्तर : मुलाचं ऐका. मोठ्या सर्व्हरवर इतक्यात पैसे घालू नका. सर्व्हरवर ताण असता तर साइट तुमच्याकडेही रखडली असती. तुमचा वेळ जातोय तो वाटेत.

मुंबई ते न्यू जर्सी हे सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन २५,००० किलोमीटरला सेकंदाचा आठवा भाग लागणारच. शिवाय केबली सरळ रेषेत जात नाहीत. वर्सोव्यासारख्या ठिकाणी मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र अशा वाटेने युरोप गाठतात आणि तिथून पुढे अटलांटिक ओलांडायचा असतो. (जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ या वाटेवरच्या दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रडतखडत चाललं होतं.) वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून एका हेलपाट्याला २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग किंवा थोडा जास्तच, जातो असं समजा.

एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. गोम अशी की एक पान उघडायला एक हेलपाटा पुरत नाही. आधी साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधायचा. मग सर्व्हरला हाक मारायची आणि त्याची ओ यायची. हा एक हेलपाटा. मग दोघांमधलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून किल्ल्या ठरवायच्या. जुन्या पद्धतीत याला दोन हेलपाटे पडत. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये एक पडतो. त्यानंतर कुठे ब्राउझर पान मागतो आणि ते यायला सुरुवात होते. पहिलं अक्षर दिसायच्या आत पाऊण सेकंद सहज गेलेला असतो.

आता तुमचे फोटो. मुखपृष्ठावरचा उघड्या पेटीचा मोठा फोटो मी उतरवून पाहिला. तो ३ मेगाबाइटचा आहे. मोबाइलमधून काढला तसाच चढवलेला दिसतो. सर्व्हर एवढा माल एका दमात ओतत नाही. पुढची वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो आधी साधारण १४ किलोबाइट पाठवतो. त्याची पोच आली की २८, मग ५६, मग ११२, असं दुप्पट करत जातो. या चालीने ३ मेगाबाइट पुरे व्हायला आठ हेलपाटे लागतात. न्यू जर्सीतल्या ग्राहकाकडे कितीही वेगवान ब्रॉडबँड असलं, तरी या एका फोटोमागे त्याचे दीड सेकंदाहून जास्त गेले. "पण आमच्याकडे स्पीड भरपूर आहे" असं ते तुम्हाला सांगत असतील, आणि ते खरंही असेल. आठ हेलपाट्यांतला वेळ स्पीड वाढवून कमी होत नाही. तेच आठ हेलपाटे दहा मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरशी घातले, तर सगळे मिळून ८० मिलिसेकंद होतात.

म्हणून सगळ्यात आधी, कॅशिंगच्याही आधी, फोटो लहान करा. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुष्कळ झाला. तो वेबपी या प्रकारात साठवला तर २०० किलोबाइटच्या आतबाहेर येतो आणि चार हेलपाट्यांत पोचतो. याला एक पैसा लागत नाही. अनेकजण ही पायरी गाळून थेट सीडीएनचं पॅकेज घेतात. मग जड फोटो जवळून येतात, पण येतात जडच.

आता कॅशिंगकडे वळू. एकदा केलेलं काम किंवा एकदा आणलेली वस्तू जपून ठेवायची आणि पुन्हा मागणी आली की तीच पुढे करायची, एवढीच कल्पना आहे. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे. कोणी 'आमची बाग' हे पान मागितलं की सर्व्हरवर कोड चालतो, डेटाबेसला एकामागून एक प्रश्न जातात, उत्तरं जुळवून पान तयार होतं आणि मगच ते निघतं. पान तर गेल्या हंगामापासून बदललेलंही नाही! पेज कॅशिंगचं प्लगइन हे पान एकदा तयार करून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येकाला तयार प्रत देतं. सर्व्हरचं काम त्याने खूप हलकं होतं. न्यू जर्सीचं अंतर मात्र तेवढंच राहतं.

अंतरावरचा उपाय खुद्द ग्राहकाच्या ब्राउझरपासून सुरू होतो. प्रत्येक फाइलीबरोबर सर्व्हर काही सूचना पाठवतो, त्यातली एक 'कॅश-कंट्रोल'. तिच्यात 'मॅक्स-एज=३१५३६०००' असं लिहिलं, तर ब्राउझरला कळतं की ही वस्तू एक वर्ष, म्हणजे तितके सेकंद, जवळ ठेवायला आणि पुन्हा न मागायला हरकत नाही. मग तुमचा लोगो, अक्षरांचे टाइप, पानाची रंगसंगती ठरवणारी फाइल, हे सगळं ग्राहक दुसऱ्या पानावर गेला की स्वतःच्याच लॅपटॉपमधून येतं. एकही हेलपाटा नाही.

वर्षभर ठेवा म्हणून सांगितलं आणि उद्या लोगो बदलला तर? तर फाइलीचं नाव बदलायचं. लोगो-१ जाऊन पानात लोगो-२ आला की ब्राउझरच्या लेखी ती नवीच वस्तू. ती तो लगेच मागून घेतो, जुनी तशीच पडून राहते. चांगले प्लगइन हे आपोआप करतात. हे न करता 'जुनं काढून टाका' असं जगभरच्या ब्राउझरना सांगत बसणं शक्यच नसतं, कारण ग्राहकाच्या लॅपटॉपवर तुमचा हात चालत नाही.

इथे एका सूचनेबद्दल सावध करतो, कारण जाणती माणसंही तिथे घसरतात. 'नो-कॅश' याचा अर्थ 'साठवू नका' असा नाही. साठवा, पण वापरण्याआधी दर वेळी 'बदललं का?' असं विचारा, असा आहे. बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ क्रमांकाचं छोटंसं उत्तर देतो आणि जपलेली प्रत वापरली जाते. फोटो पुन्हा येत नाही, पण विचारण्याचा हेलपाटा पडतोच. मुळीच साठवायचं नसेल तर 'नो-स्टोअर' लिहावं लागतं.

ब्राउझरच्या साठ्याचा उपयोग एकदा येऊन गेलेल्याला. पहिल्यांदा येणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी सीडीएन, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. पुण्यातल्या प्रत्येक ग्राहकाची पेटी तुम्ही देवगडहून सुटी पाठवत नाही. टेम्पोभर पेट्या एकदम पुण्यात आणून ठेवता आणि मागणी येईल तशा तिथून घरोघर देता. सीडीएनच्या कंपन्यांनी जगभरच्या शहरांत अशी ठाणी उभारली आहेत. तुमच्या साइटच्या प्रती न्यू जर्सीजवळच्या ठाण्यात राहतात आणि ग्राहकाच्या ब्राउझरला मुंबईपर्यंत यावंच लागत नाही.

या कल्पनेचा जन्म मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. १९९५ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत सहकाऱ्यांपुढे एक कोडं ठेवलं. वेबवर गर्दी वाढत जाणार, एखादी साइट अचानक लोकप्रिय झाली की तिचा सर्व्हर कोसळणार, यावर काय करता येईल? गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनिएल लुइन यांनी ते मनावर घेतलं. साठा अनेक सर्व्हरवर वाटायचा हे उघड होतं. कोणती वस्तू कोणत्या सर्व्हरवर आहे हे ठरवण्यात खरी अडचण होती. साध्या भागाकाराच्या हिशेबाने वाटणी केली आणि दहा सर्व्हरपैकी एक बंद पडला, तर जवळजवळ प्रत्येक वस्तूची जागा बदलते आणि सगळा साठा एका क्षणात निरुपयोगी होतो. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशी पद्धत मांडली की एक सर्व्हर गेला तर फक्त त्याच्याच वाट्याच्या वस्तू इतरांकडे जातात, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. तिला 'कन्सिस्टंट हॅशिंग' म्हणतात. १९९८ मध्ये त्यांनी अकामाई ही कंपनी काढली. लुइन ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होते. वयाच्या ३१ व्या वर्षी ते गेले. त्या दिवशी बातम्यांच्या साइटवर जगभरातून लोक लोटले. ती गर्दी पेलायला त्यांचंच जाळं कामी आलं.

ग्राहक जवळच्या ठाण्यात पोचतो कसा? काही कंपन्या साइटचा पत्ता विचारणाऱ्याला, तो कुठून विचारतोय ते पाहून, वेगवेगळा पत्ता देतात. काहींची सगळी ठाणी एकच पत्ता सांगतात आणि इंटरनेटची यंत्रणा ज्याला जे सोयीचं तिथे त्याला नेते. मात्र नकाशावर जवळ ते केबलने जवळ असेलच असं नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीचा आणि सीडीएनचा मुंबईत जोड नसेल, तर मुंबईतला माणूस सिंगापूरच्या ठाण्यात जाऊन येतो. देशातली देवाणघेवाण देशातच व्हावी म्हणूनच आपल्याकडे २००३ मध्ये निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, स्थापन झालं.

सीडीएन विकणारे एक गोष्ट ठळकपणे सांगत नाहीत, ती तुमच्यासारख्या लहान साइटने समजून घ्यायला हवी. ठाण्यात तुमच्या फोटोची प्रत आपोआप जाऊन बसत नाही. पहिल्या ग्राहकाने मागितली की ठाणं ती मुंबईहून आणतं. त्या पहिल्याला वाट पाहावी लागते. ठाण्यातली जागाही मर्यादित असते, त्यामुळे ज्याला फारशी मागणी नाही ते काढून टाकलं जातं. अकामाईच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये लिहिलं होतं की एका ठाण्यात मागितल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश वस्तू एकदाच मागितल्या जातात, पुन्हा कोणी त्यांना विचारत नाही. म्हणून त्यांचे सर्व्हर पहिल्या मागणीला वस्तू डिस्कवर साठवतच नाहीत; दुसऱ्यांदा मागणी आली की साठवतात. तुमच्या साइटवर एप्रिलमध्ये न्यू जर्सीतून दिवसाला शंभरजण येत असतील तर प्रती टिकून राहतील. ऑक्टोबरमध्ये एखादाच फिरकला तर त्याला बहुधा मुंबईहूनच माल येईल.

तरीही सीडीएन घ्याच म्हणतो, त्याचं कारण सुरुवातीच्या हेलपाट्यांत आहे. हाक मारणं, किल्ल्या ठरवणं, हे सगळं आता ग्राहक आणि जवळचं ठाणं यांच्यात उरकतं. ठाण्याची मुंबईशी जोडणी अनेकदा आधीच उघडी असते. त्यामुळे साठा नसतानाही तीन-चार लांबच्या हेलपाट्यांऐवजी बहुतेक वेळा एकावर भागतं.

आता जे ठरवायचं आहे ते मुलावर सोडू नका. कॅशिंगमध्ये प्रत्येक वस्तूबद्दल दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : ती किती वेळ खरी राहणार, आणि ती सगळ्यांना सारखी आहे की एकेकाची वेगळी. याची उत्तरं प्रोग्रामरला माहीत नसतात. धंदा करणाऱ्याला माहीत असतात. बागेचे फोटो वर्षभर खरे. 'आमची बाग' हे पान आठवडाभर. पेटीचा भाव तुम्ही रोज सकाळी ठरवत असाल, तर भावाचं पान दहा मिनिटांपेक्षा जास्त साठवू नका. नाहीतर पाडव्याचा भाव बघून कोणी अक्षय तृतीयेला भांडायला येईल, आणि बरोबर तोच असेल. 'आज शिल्लक पेट्या' हा आकडा मिनिटभर शिळा चालतो का? दाखवण्यापुरता चालतो. पैसे घेताना तो थेट डेटाबेसमधूनच तपासला पाहिजे. साइट करणाऱ्या मुलाला 'स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट' या सूचनेबद्दलही विचारा. ती असली की मुदत संपलेली प्रत ग्राहकाला लगेच दिली जाते आणि ताजी प्रत मागच्या मागे आणली जाते. वाट कोणालाच पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, म्हणजे सगळ्यांची की एकेकाची, ही ठरवताना चुकलं तर प्रकरण गंभीर होतं. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानावर हल्ला झाला आणि मागण्यांचा पूर आला. तो थोपवण्यासाठी घाईने कॅशिंगचे नवे नियम लावले गेले. त्यात चूक राहिली आणि लॉगिन केलेल्या लोकांची वैयक्तिक पानंही साठवली जाऊन दुसऱ्यांना दिली गेली. कोणाला भलत्याचा पत्ता दिसला, कोणाला भलत्याची खरेदी, ईमेल, क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन आकडे. कंपनीच्याच निवेदनानुसार सुमारे ३४,००० लोकांची माहिती अशी उघडी पडली असण्याची शक्यता होती. तुमच्या साइटवर ग्राहकाची टोपली, पत्ता भरायचं पान, ऑर्डरची पावती ही तिन्ही पानं एकेकाची वेगळी आहेत. ती 'प्रायव्हेट' किंवा 'नो-स्टोअर' आहेत ना, हे मुलाला तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.

उघडून दाखवणं सोपं आहे. लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' हा भाग निवडा आणि पान पुन्हा उघडा. प्रत्येक फाइलीची एक ओळ दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की सर्व्हरच्या सूचना दिसतात. तिथे 'कॅश-कंट्रोल' वाचा. सीडीएन लावल्यावर बहुधा आणखी एक ओळ येते, तिच्यात 'हिट' किंवा 'मिस' असं लिहिलेलं असतं. हिट म्हणजे माल ठाण्यातून आला, मिस म्हणजे मुंबईहून आणावा लागला. 'एज' अशी ओळ असेल तर ती प्रत किती सेकंद जुनी आहे ते कळतं. फोटोवर हिट दिसलं पाहिजे. पावतीच्या पानावर हिट दिसलं, तर साइट त्याच क्षणी बंद करा आणि मुलाला फोन लावा.

प्रश्न : क्रिकेटचा सामना कोट्यवधी लोक एकाच वेळी मोबाइलवर बघतात. थेट प्रक्षेपण आधीपासून साठवता येत नाही, मग सीडीएन तिथे काय करतं? आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीवर विकेट आधी का पडते? (नागपूरहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : थेट सामनाही साठवलेलाच असतो, फक्त काही सेकंदांपुरता. मैदानातून आलेल्या चित्राचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल असते. तुमचा मोबाइल एकामागून एक फाइल मागत राहतो. त्याच क्षणी नागपुरातले हजारो मोबाइल तीच फाइल मागत असतात. ठाणं हुशारीने त्यातली एकच मागणी पुढे पाठवतं, बाकीच्यांना क्षणभर थांबवतं आणि फाइल आली की सगळ्यांना वाटतं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. प्रत्येकी सेकंदाला फक्त १ मेगाबिट धरलं तरी ५९ टेराबिट होतात. एवढा लोंढा एका इमारतीतून बाहेर काढणं कोणालाच जमणारं नाही. ठिकठिकाणच्या ठाण्यांतून तो वाटला जातो म्हणूनच जमतं.

विकेट शेजारी आधी पडते ती या तुकड्यांमुळेच. तुकडा पुरा झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि मध्येच अडखळू नये म्हणून मोबाइल दोन-तीन तुकडे हाताशी ठेवून मगच दाखवायला लागतो. केबलच्या किंवा डिशच्या टीव्हीला हे करावं लागत नाही.

यात एक गमतीची अडचण आहे. सामना रंगात असताना सगळे एकच गोष्ट बघतात, म्हणून यंत्रणेला ते सोपं जातं. महत्त्वाचा फलंदाज बाद झाला की लाखो लोक एकदम मागे जाण्याचं बटण दाबतात आणि ॲपच्या पहिल्या पानावर येतात. ते पान प्रत्येकाच्या आवडीनुसार वेगळं असतं, म्हणून सरसकट साठवता येत नाही. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात धोनी धावबाद झाला, तेव्हा ॲपवर २.५ कोटींच्या घरात लोक होते. बाहेर पडणाऱ्या गर्दीची तयारी अभियंत्यांना आत येणाऱ्या गर्दीइतकीच करावी लागते, ती यामुळे.

सिनेमांचं काम त्या मानाने निवांत. नेटफ्लिक्स २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या आवारातच स्वतःची साठवण यंत्रं बसवतं आणि उद्या काय बघितलं जाईल याचा अंदाज घेऊन, गर्दी नसताना ती भरून ठेवतं.

प्रश्न : दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट ठप्प होते. आमच्या शाळेतली मुलं रडकुंडीला येतात. सीडीएन लावून हा प्रश्न सुटणार नाही का? (लातूरहून एक शिक्षिका)

उत्तर : अर्धा सुटतो. एक वाजता येणारा प्रत्येकजण आधी तेच पान मागतो : बोधचिन्ह, सूचना, बैठक क्रमांक आणि आईचं नाव लिहायच्या चौकटी. ते सगळं ठाण्यांत ठेवता येतं आणि ठेवलंच पाहिजे. निकाल मात्र एकेका मुलाचा. तो फार तर घरातली चार माणसं बघणार, त्यामुळे 'एकाने मागितलं, हजारांना वाटलं' ही सोय तिथे नाही. शिवाय गुणपत्रक भलत्याच्या हाती पडता कामा नये.

पण निकालाची एक बाजू फार सोयीची आहे. जाहीर झाल्यावर तो त्या दिवसात बदलत नाही. मग प्रत्येक मागणीला डेटाबेसमध्ये सहा विषयांची शोधाशोध कशाला? आदल्या रात्री प्रत्येक मुलाचं पान तयार करून, बैठक क्रमांकाने चटकन सापडेल असं अनेक सर्व्हरवर वाटून ठेवता येतं. एका पानाला दहा किलोबाइट धरले, तर १५ लाख मुलांचा मिळून १५ गिगाबाइट ऐवज होतो. तो आजकाल एका सर्व्हरच्या मेमरीतसुद्धा मावतो. आता निकाल एकाच साइटवर न ठेवता अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवर देतात, त्यानेही गर्दी विभागली जाते. मुलांना सांगा, एक साइट अडली तर तीच पुन्हापुन्हा रिफ्रेश करत राहू नका, दुसरीवर जा. प्रत्येक रिफ्रेश ही आणखी एक मागणी असते आणि रांग आणखी वाढते.

प्रश्न : सगळं सीडीएनच्या भरवशावर टाकलं आणि तेच बंद पडलं तर? (कोल्हापूरहून एका नियतकालिकाचे संपादक)

उत्तर : पडतं कधीकधी. ८ जून २०२१ रोजी फास्टली या सीडीएनमध्ये आधीपासून दडलेला एक दोष एका ग्राहकाने केलेल्या अगदी रीतसर बदलामुळे जागा झाला आणि त्यांच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग पानांऐवजी त्रुटीचे संदेश देऊ लागला. ब्रिटिश सरकारची साइट, 'न्यूयॉर्क टाइम्स', 'गार्डियन' सगळेच अडकले. पाऊण तासाच्या आसपास बहुतेक गाडं रुळावर आलं. तुमच्या एकट्या सर्व्हरला असा आजार झाला असता तर तो इतक्या लवकर बरा झाला नसता, हेही लक्षात घ्या.

तुमच्या हातात आहे ते एवढंच. साइटच्या नावाची नोंदणी जिथे आहे तिथला पासवर्ड संस्थेच्या नावावर आणि तुमच्या हाती असू द्या, एजन्सीच्या नव्हे. नावापुढच्या पत्त्याची मुदत पाच मिनिटांची ठेवा, म्हणजे गरज पडली तर पत्ता बदलून वाचकांना थेट मूळ सर्व्हरवर आणता येईल. आणि मूळ सर्व्हर तेवढा भार सोसतो का, हे अंक निघायच्या आदल्या आठवड्यात एकदा करून बघा. तो सोसत नसेल, तर मुखपृष्ठ आणि ताज्या अंकाची अनुक्रमणिका एवढीच साधी, फोटो नसलेली पानं त्यावर तयार ठेवा. अडचणीच्या तासाभरात वाचकाला तेवढं पुरतं.